डाव्या हाताची रायफल

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा त्याला आपल्या मूळ पिंडाशी इमान राखावं लागतं. त्या क्षणी जो कचरतो, तो कायमचा संपतो. डॉ. पद्माकर देवस्थळींच्या आयुष्यात हा क्षण वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आला. ग्लासगोत, एका चर्चच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीसाठी अकरा किलो बटाटे सोलताना.

मंडळाचं सोलाणं उजव्या हाताचं होतं. पात्याला एकाच बाजूने धार होती आणि सोलाणं डाव्या हातात धरलं की ती धार छताकडे बघायची. पद्माकर मनगट मुरडून, जीव खाऊन, बटाट्यांची वाट लावत होता.

"अहो, सालं काढताय की विहीर खणताय?" त्याची बायको सुलक्षणा म्हणाली.

"उजव्या हातात घे ना रे डॉक्टर," अंबरीश म्हणाला. अंबरीश मंडळाचा अध्यक्ष. चौथ्यांदा बिनविरोध, कारण दुसरं कोणी उभंच राहत नाही. "सोपं जाईल."

सोपं जाईल! पद्माकरला शिसारी आली. हे शब्द त्याने पहिल्यांदा ऐकले ते मिरजेला, पाच वर्षांचा असताना. शाळेत भूमिती शिकवणारे त्याचे वडील पानं वाढली की मुलाचा डावा हात पाठीमागे उपरण्याने बांधत, गाठ ओढून बघत आणि म्हणत, "उजव्याने जेव. सोपं जाईल." दोन वर्षं हा कार्यक्रम चालला. त्यातून जो मनुष्य तयार झाला तो उजव्याने जेवतो, उजव्याने लिहितो आणि बाकी सगळं डाव्याने करतो. लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही. पण पुढे डॉक्टर झाल्यामुळे ते कुणाला खटकलं नाही.

पुढची पन्नास वर्षं जगाने त्या गाठीची काळजी घेतली. कात्र्या उजव्या, डबे उघडायची यंत्रं उजवी, कुठल्याशा काउंटरवर साखळीने बांधलेलं पेन, तेही उजवीकडे. पद्माकर भूलतज्ज्ञ. त्याच्या कामात एक हत्यार डाव्या हातात धरायचं असतं खरं: पेशंटचा घसा उघडायचं लॅरिंगोस्कोप. पण ते जगातले सगळेच भूलतज्ज्ञ डाव्या हातात धरतात, कारण खरं काम, म्हणजे नळी घालणं, उजव्याने करायचं असतं. डाव्याने नुसता जबडा उचलून ठेवायचा, लग्नात कुणाची तरी पर्स धरून उभं राहावं तसा. हे त्याला तीस वर्षं झोंबत आलं होतं.

तेव्हा हातातला बटाटा पातेल्यात आपटून त्याने ठरवलं: मरायच्या आत एक तरी वस्तू अशी घ्यायची, जी फक्त डाव्या हातासाठी बनवलेली आहे.

शहाणा माणूस नवीन सोलाणं घेऊन थांबला असता. पण त्याच आठवड्यात ऑपरेशन थिएटरच्या कॉफीरूममध्ये हाडांचा सर्जन कॅमरन म्हणाला होता, "ये की कधीतरी आमच्या डोंगरावर. हरणं फार झालीत." कॅमरन एकोणीस वर्षं दर सोमवारी हरणांबद्दल बोलत आला होता, 'ये' मात्र पहिल्यांदा म्हणाला होता. आता, कुणी बोलावलं तर रिकाम्या हाताने जायचं नाही, हे मिरजेचं वळण. आणि 'मला द्यायला तुमच्याकडे रायफल असेल का' असं विचारायचं म्हणजे जेवायला बोलावणाऱ्याला भाजी कुठली ते विचारण्यासारखं. पद्माकरने विचारलं नाही. आपली आपण रायफल घेऊन जायचं ठरवलं. डावी.

"हरीण मारणार?" सुलक्षणा म्हणाली. "अहो, तुम्ही कोळंबीला हात लावत नाही."

"खायचं नाहीये. संख्या आटोक्यात ठेवायची आहे."

"मग खाणार कोण?"

"कॅमरन."

"मग त्यालाच मारू दे की. तुम्ही डबा घेऊन जा."

या देशात रायफल घ्यायची म्हणजे आधी आपण रायफल घेण्याच्या लायकीचे आहोत हे सगळ्यांना पटवावं लागतं. फॉर्म भरला. दोन सज्जनांनी हा मनुष्य सज्जन आहे असं लिहून दिलं. जीपीने लिहून दिलं की याच्या डोक्यात काही बिघाड नाही. हा नुसताच कायम वैतागलेला असतो, हे लिहायला फॉर्मात रकाना नव्हता. कॅमरनच्या इस्टेटीचं शिकारीच्या परवानगीचं पत्र आलं. शेवटी पोलिसांच्या लायसन्स खात्यातल्या मिसेस रेनी घरी आल्या, माळ्याखालच्या खोलीत भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि चहा घेता घेता विचारलं, "किल्ली कुठे असते हे घरात कुणाकुणाला माहीत असेल?"

"फक्त मला."

"पत्नीला?"

"अजिबात नाही."

मिसेस रेनींनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. या सगळ्याला अकरा महिने लागले.

रायफल कुठली घ्यायची हे तोवर ठरलं होतं: स्ट्रेट-पुल. साध्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा, म्हणजे गोळी नळीत सरकवणाऱ्या खिटीचा, दांडा वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा, अशी कवायत असते. स्ट्रेट-पुलमध्ये नुसतं मागे आणि पुढे. पण दांडा असतो उजवीकडे. डावखुऱ्या माणसाला चापावरचा हात काढून, रायफलीवरून पलीकडे वाकून, भिंतीवरून शेजाऱ्यांचे आंबे काढावेत तसं चाचपावं लागतं. म्हणजे बोल्ट डावीकडे असलेली हवी. पद्माकरने एका शिकाऱ्यांच्या फोरमवर नम्रपणे विचारलं: डावखुरा आहे, स्ट्रेट-पुल घ्यायची आहे, कुठली घेऊ? चौसष्ट उत्तरं आली. एकसष्ट जणांनी सांगितलं, उजव्या हाताने शिका, सोपं जाईल. दोघांचं आपापसात एका जुन्या युद्धावरून भांडण झालं. एकाने विचारलं, तुम्ही मूळचे कुठले?

पद्माकरने लॅपटॉप मिटला आणि हात धुतले.

पर्थच्या पुढच्या एका गावात बंदुकांचं दुकान होतं. आत ओल्या कुत्र्याचा वास होता, कारण काउंटरखाली एक ओलं कुत्रं होतं. वर भिंतीवर चौदा मेलेली हरणं एकाच चेहऱ्याने बघत होती. दुकानदार लॉकहार्ट ट्वीडचं जाकीट घालून बिस्किट खात होता.

"स्ट्रेट-पुल बघायची आहे," पद्माकर म्हणाला. "डावी."

लग्नाच्या पंगतीत बिनकांद्याचं मागणाऱ्याकडे आचारी बघतो, तसं लॉकहार्टने त्याच्याकडे पाहिलं. मग मागच्या भिंतीकडे हात केला. भिंतीवर छत्तीस रायफली होत्या.

"या सगळ्या उजव्या. मी सांगू का डॉक्टर? उजवीच घ्या. उजव्या खांद्याला लावायची सवय करा. महिनाभरात—"

"सोपं जाईल?"

"अगदी!" लॉकहार्ट खूश झाला. गिऱ्हाइकाला कळतंय असं त्याला वाटलं.

"दुसरं दाखवा."

लॉकहार्टने एक नवीकोरी इटालियन काढली. हिचा दांडा काढून पलीकडे लावता येत होता. त्याने बिस्किटाचा हात पँटला पुसून ते करून दाखवलं. "बघा. पाच मिनिटांत डावी. हवी तेव्हा परत उजवी."

"परत उजवी कशाला करायची?"

"विकताना," लॉकहार्ट म्हणाला. तो प्रामाणिक होता.

पद्माकरने ती रायफल हातात घेतली आणि त्याला कसंतरीच झालं. जशी बसवाल तशी बसणारी, इकडचीही आणि तिकडचीही, विकताना सोयीची. असा एक नमुना त्याला रोज सकाळी दाढी करताना दिसत होता.

"ही नको."

"मग जर्मनीला ऑर्डर टाकावी लागेल. दहा महिने." लॉकहार्टने डोकं खाजवलं. "नाहीतर... थांबा. आतल्या खोलीत एक आहे."

आतल्या खोलीतून, छत्र्या आणि गमबूट बाजूला केल्याचे आवाज झाल्यावर, जी बाहेर आली ती एका वारलेल्या गुरांच्या डॉक्टरची होती. डावखुरा होता बिचारा. जर्मन रायफल, स्ट्रेट-पुल, जन्माने डावी. वर चांगली दुर्बीण बसवलेली. लायसन्सवर जी थ्री-ओ-एटची गोळी लिहिली होती, तीच हिची.

"तीन वर्षं पडून आहे," लॉकहार्ट म्हणाला. "त्याच्या बायकोचा दर नाताळला फोन येतो, गेली का म्हणून."

पद्माकरने ती डाव्या खांद्याला लावली. डावा हात चापावर गेला आणि तिथून चार बोटं वर, जिथे दांडा असायला हवा होता, तिथे तो होता. ओढला. टक. ढकलला. टक. कुठे वाकावं लागलं नाही, कशावरून हात न्यावा लागला नाही. त्याने पुन्हा ओढला. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा एखादी वस्तू त्याच्या डाव्या हाताला म्हणाली होती, या, बसा. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याचीही त्याला लाज वाटून त्याने ते कुत्र्याच्या वासावर ढकललं.

"बांधून द्या," तो म्हणाला.

रायफल सप्टेंबरच्या मध्याला घरी आली. कॅमरनबरोबर ऑक्टोबरातला दुसरा शनिवार ठरला. राहता राहिली किल्ली. पद्माकरने फार विचार केला. गाद्यांखाली सुलक्षणा रोज हात घालते. पुस्तकांमागे ती धूळ पुसते. गॅरेज चोरांना पाठ असतं. शेवटी त्याला सुचली ती जागा इतकी अचूक होती की तो मनातल्या मनात हसला. माळ्यावर गणपतीच्या सामानाचा पत्र्याचा डबा होता. तोरणं, चौरंगाचं कापड, समया, रांगोळी. गणपती होऊन गेलेले. आता वर्षभर कोण उघडतंय? त्याने किल्ली निरांजनात ठेवली आणि झाकण लावलं.

नवरात्र सुरू व्हायला तेव्हा आठवडा होता.

पद्माकरच्या घरात तीस वर्षं देवधर्म चालू होता आणि तीस वर्षं त्यातला त्याचा वाटा प्रसाद खाण्यापुरता होता, तोही उजव्या हाताने. घटस्थापनेच्या सकाळी सुलक्षणाने डबा काढला, निरांजनातली किल्ली पाहिली, कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली. खंडेनवमी बुधवारी आली. घरातली हत्यारं पुजायचा दिवस. आजवर या घरात हत्यारं म्हणजे विळी, पक्कड, गाडीची किल्ली आणि पद्माकरचा जुना स्टेथोस्कोप. यंदा घरात पहिल्यांदाच खरंखुरं शस्त्र होतं, आणि तेच कपाटात कोंडून बाकीच्यांना हळदकुंकू वाहणं तिच्या मनाला पटेना. पद्माकर हॉस्पिटलात ड्यूटीवर होता. तिने कपाट उघडलं.

तो संध्याकाळी घरी आला तेव्हा रायफल पाटावर होती. भोवती रांगोळी, नळीला झेंडूची माळ, दस्त्यावर अक्षता. आणि बोल्टवर, डाव्या बाजूच्या त्या देखण्या जर्मन बोल्टवर, पाण्यात कालवलेल्या हळदीकुंकवाची चार ठसठशीत बोटं. शेजारी विळी आणि मिक्सर.

"किल्ली कुठे मिळाली तुला?" त्याने विचारलं.

"निरांजनात. मला वाटलं तुम्हीच श्रद्धेने ठेवलीत."

"तो डबा वर्षातून एकदा उघडतो!"

"एकदा?" सुलक्षणाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि नवरात्र मी कशातून काढते? दिवाळी? सत्यनारायण? तीस वर्षं समोरच्या सोफ्यावर असता हो तुम्ही."

"गोळ्यांना हात लावला नाहीस ना?"

"नाही. त्यांच्या डब्याची किल्ली नाही सापडली," ती म्हणाली. खंत होती तिच्या आवाजात.

पद्माकर कापसाच्या काड्या घेऊन बोल्टच्या खाचेतली हळद काढत बसला. हळद निघत नव्हती. ती आत जात होती. त्याच वेळी अंबरीशचा फोन आला.

"अरे डॉक्टर, काय फोटो आहे! वहिनींनी ग्रुपवर टाकला, मी म्हटलं यंदाचं दसऱ्याचं ग्रीटिंग हेच. दरवर्षी तेच ते नऊवारीतल्या बायकांचे फोटो पाठवून कंटाळा आला होता."

"कुणाला पाठवलंस?"

"नेहमीची लिस्ट. कौन्सिलर, लायब्ररी, चर्चवाले, आणि ते आपले पोलिसांचे कम्युनिटीवाले. खाली मस्त मजकूर लिहिला इंग्रजीतून. वहिनींना फोन करून सगळे डिटेल्स घेतले, उगाच चुकीचं नको जायला."

"काय लिहिलंस?"

अंबरीशने अभिमानाने वाचून दाखवलं. 'आमचे डॉक्टर देवस्थळी हॉस्पिटलमध्ये सेवेत असताना सुलक्षणाताईंनी कपाटाचं कुलूप उघडण्यापासून रांगोळी काढण्यापर्यंत सर्व काही एकटीने केलं. स्त्रीशक्तीला वंदन.'

पद्माकरने फोन ठेवला. मंडळ, मंडळाचे अध्यक्ष, त्यांची लिस्ट, त्यांचं इंग्रजी आणि स्त्रीशक्ती यांचा त्याला एकदमच इतका वीट आला की कुठून सुरुवात करावी ते कळेना.

मिसेस रेनी शुक्रवारी आल्या. फोटोची रंगीत प्रिंट घेऊन आल्या होत्या.

"फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. खरोखर तसं वाटत असावं. "ही झेंडूची फुलं का?"

"हो," सुलक्षणा म्हणाली. "चहा घेणार ना?"

"घेईन. डॉक्टर, किल्ली फक्त तुम्हाला माहीत आहे, असं तुम्ही म्हणाला होतात."

"तसंच होतं. निदान मला तसं वाटत होतं."

"कुठे ठेवली होती?"

पद्माकरने सांगितलं. मिसेस रेनींनी निरांजन म्हणजे काय ते विचारलं. सुलक्षणाने आणून दाखवलं. त्यांनी वहीत त्याचं छोटंसं चित्र काढलं, चहा संपवला आणि सांगितलं की रायफलीचं सर्टिफिकेट रद्द होईल. तुम्ही आपणहून परत केलंत तर कागदोपत्री बरं दिसेल. रायफल हवी तर विक्रीसाठी दुकानात ठेवता येईल. त्यात कुठेही चढा स्वर नव्हता. तो असता तर पद्माकरला भांडता आलं असतं.

सोमवारी कॉफीरूममध्ये त्याने कॅमरनला सांगितलं की शनिवारचं जमणार नाही. कारणही सांगितलं. कॅमरन इतका हसला की त्याची कॉफी थिएटरच्या यादीवर सांडली.

"अरे, पण ये की! इस्टेटीची रायफल आहे ना. पाहुण्यांना आम्ही तीच देतो."

"माझं सर्टिफिकेट गेलं, कॅमरन."

"पाहुण्याला लागतच नाही. आमच्या जागेत, आमच्या माणसाच्या नजरेसमोर असला की झालं. हवं तर त्या आमच्या माणसाला, आर्चीला, पोलिसांना फोन करून विचारायला सांगतो."

"हे मागच्या वर्षी का नाही सांगितलंस?" पद्माकर म्हणाला.

"तू विचारलं नाहीस," कॅमरन म्हणाला.

आर्चीने विचारलं. चालतं म्हणाले.

शनिवारी पाऊस आडवा पडत होता. आर्ची हा तिथला गेमकीपर, म्हणजे इस्टेटीवरच्या शिकारीवर देखरेख करणारा. सत्तरीचा, डोंगराइतकाच बोलका. त्याच्या मागून कॅमरन आणि कॅमरनच्या मागून पद्माकर चार तास चिखलात कधी चालत, कधी सरपटत गेले. पद्माकरच्या कॉलरमधून पाणी आत आलं आणि बुटात जाऊन साठलं. सगळीकडे हरणांच्या लेंड्या होत्या. त्यातल्या बऱ्याच त्याच्या कोपरांना लागल्या. या प्रकाराला माणसं खेळ म्हणतात याची त्याला मनापासून किळस आली. शेवटी एका उंचवट्याआड आर्ची थांबला. खाली दरीत एक नर उभा होता. आर्चीने रायफल पुढे सरकवली. जुनी, साधी बोल्टची, दस्ता चिकटपट्टीने बांधलेला. उजवी.

पद्माकरने ती डाव्या खांद्याला लावली. गोळी भरायला दांडा चाचपत पलीकडे हात नेला, कोपर दगडावर आपटलं आणि रायफल घसरली. नराने मान वर केली. सगळे गोठले. नर पुन्हा खायला लागला.

आर्ची त्याच्या कानाशी आला. त्याच्या तोंडाला कांदा आणि व्हिस्कीचा वास होता. "उजव्या खांद्याला लावा, डॉक्टर," तो कुजबुजला. "सोपं जाईल."

पद्माकर थंडीने कुडकुडत होता. नकार द्यायला सरळ उभं राहावं लागलं असतं. त्याने रायफल उजवीकडे घेतली. डावा हात आपण होऊन खाली गेला आणि पोटाखाली दबून राहिला. उजव्या हाताने दांडा उचलला, ओढला, ढकलला, दाबला. बोट चापावर आलं. कुठेही अडलं नाही. दोन वर्षं उपरणं आणि पन्नास वर्षं सराव. आवाज झाला. नर दोन पावलं चालला आणि आडवा झाला.

"वा!" कॅमरन म्हणाला. "दोनशे मीटर तरी असेल! पहिल्यांदा मारतोयस असं वाटत नाही!"

खाली गेल्यावर आर्चीने चाकूने हरणाचं पोट उघडलं आणि आतडी बाहेर काढली, वाफ निघाली. पद्माकरने आयुष्यभर उघडी पोटं पाहिली होती, पण त्या पोटांच्या मालकांना त्याने झोपवलेलं असायचं. मग आर्ची उठून त्याच्यासमोर आला. पहिलं हरीण मारलेल्या माणसाला करायचा इथला रिवाज होता तो. त्याने रक्तात अंगठा बुडवला आणि पद्माकरच्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, एक बोट ओढलं. कॅमरनने फोटो काढला.

"हा तुमच्या त्या ग्रुपला पाठव," कॅमरन म्हणाला.

रायफल लॉकहार्टच्या दुकानात, आतल्या खोलीत, छत्र्यांच्या मागे आहे. बोल्टच्या खाचेत अजून थोडी हळद आहे; लॉकहार्टला वाटतं, गंज आहे. आतापर्यंत एकाच माणसाने तिची चौकशी केली. त्याला फक्त वरची दुर्बीण हवी होती.